फोटोवरचा कुत्रा, गोठ्यातली म्हैस

कुत्र्याचं पेन्सिलचित्र कुणी दाखवलं की दाद ठरलेली: "अगदी फोटोच वाटतोय!" बहुतेकदा ते फोटोवरूनच काढलेलं असतं. त्यालाही आपण स्केच म्हणतो आणि गोठ्यात उभ्याउभ्या दोन मिनिटांत उतरवलेल्या म्हशीलाही स्केचच. मग दोघांना एकच फूटपट्टी लावतो आणि म्हैस बिचारी नापास होते.

फोटोवरून काढताना कस लागतो शेडिंगचा. कडक, फिकट २एचपासून मऊ, गडद ६बीपर्यंतच्या पेन्सिली हाताशी ठेवून चित्रकार तासन्‌तास बसतो. पांढऱ्या मिशा तर काढायच्या नसतात, राखायच्या असतात. आजूबाजूचा भाग गडद करत तेवढा कागद कोरा सोडायचा, नाहीतर खोडरबराच्या टोकानं उजळायचा. हे साधलं असेल तर वाहवा करावीच. मात्र नाक डोक्याच्या मानानं फुगलेलं दिसलं, तर मोबाइल कुत्र्याच्या अगदी तोंडाशी धरला होता असं समजावं. कॅमेऱ्याची खोड चित्रात उतरते ती अशी.

समोरच्या जनावराचं रेखाटन म्हणजे सगळी घाई. म्हैस मान वळवते, शेपटी झटकते. म्हणून पाठीवर एकाऐवजी तीन रेघा दिसतात, एखादा पाय अर्धाच राहतो. या चुका नव्हेत. मी तरी आधी तिथंच बघतो. भार कोणत्या पायावर आहे? तिथं पेन्सिल दाबली गेली आहे का? मागच्या पायाचा उलटा वळलेला सांधा नीट पाहा. त्याला आपण गुडघा समजतो, पण ती टाच असते. गुडघा वर, पोटाजवळ. हे ज्याला उमगलं त्याचं जनावर चार रेघांतही उभं राहतं. नाहीतर केसन्‌केस काढूनही ते पेंढा भरल्यासारखं दिसतं.

डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६३७ मध्ये काढलेला हत्ती व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. तो पेन्सिलीचा नाही, काळ्या खडूचा. पण डोळा तयार करायला याच्यासारखं चित्र नाही. सुरकुत्या मोजून काढलेल्या नाहीत, सैल गिरवलेल्या आहेत, आणि तरी कातडीचं वजन जाणवतं.

माझ्या वहीत एका पानावर पाच मांजरं आहेत. चौथ्याला कान आहेत, डोळे नाहीत. पाचवं म्हणजे नुसती शेपटी. बाकीचं मांजर तोवर उठून गेलं होतं.