फोटो हललाय, पण हललं कोण?

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी गिरगावातल्या आमच्या चाळीतला एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. दोन वर्षं किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या लेन्सवर, मन लावून फोटो काढतोय. म्हणाला, "काका, निम्मे फोटो हललेत. आता स्टॅबिलायझेशनवाली, म्हणजे हाताची थरथर सावरणारी, नवी कॅमेरा बॉडी घ्यायची म्हणतो. दिवाळीपर्यंत पैसे जमतील."

मी त्याला दोनच फोटो उघडायला सांगितले. एक मांडवातल्या मूर्तीचा आणि दुसरा पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काढलेला, खाली खेळणाऱ्या लेझीम पथकाचा. आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो, 'हललाय', आणि गफलत तिथेच होते. पहिल्यात कॅमेरा हलला होता, दुसऱ्यात माणसं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि तो ज्यासाठी पैसे साठवत होता तो उपाय फक्त पहिल्यावरचा.

ओळखायचं कसं? फोटो पूर्ण मोठा करा आणि जे जागचं हलूच शकत नाही ते शोधा. मूर्तीच्या फोटोत माळेतला प्रत्येक दिवा स्वल्पविरामासारखा ओढला गेला होता, आणि सगळे स्वल्पविराम एकाच दिशेचे, एकाच आकाराचे. मुकुटाची कड, समई, मागचा खांब, सगळं त्याच दिशेने दुहेरी. शटर उघडं असताना हात जसा सरकला त्याची ती रेघ. लेझीमच्या फोटोत मात्र समोरच्या दुकानाची पाटी स्वच्छ वाचता येत होती आणि रस्त्यावरचा दिवा गोल होता, कारण त्याने दोन्ही कोपर कठड्यावर टेकवले होते. पसरले होते ते फक्त मुलींचे हात आणि लेझीम. जे जितकं वेगात, तितकं पुसट.

(फोकस चुकलेला फोटोही यांत मिसळतो. त्यात रेघ नसते, मऊपणा सगळ्या दिशांना सारखा असतो, आणि बऱ्याचदा चेहऱ्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी लख्ख आलेलं असतं. डोळे शोधून फोकस धरणाऱ्या नव्या बॉडी तिथे खरोखर कामी येतात.)

हाताच्या हलण्याचा जुना हिशोब सोपा आहे. लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून शटर संथ ठेवायचं नाही. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे त्याच्या कॅमेऱ्यातल्यासारख्या लहान सेन्सरवर, त्या आकड्याला दीडने गुणायचं. त्याच्या ५५ मिलिमीटरला म्हणजे साधारण १/८० सेकंद हवं होतं, आणि मूर्तीचा फोटो होता १/८ चा. इथे स्टॅबिलायझेशन मोलाचं. कॅमेऱ्यातले किंवा लेन्समधले जायरो हाताची थरथर ओळखतात आणि लेन्समधलं एक भिंग किंवा खुद्द सेन्सर उलट दिशेला सरकवतात. कॅननने १९९५ मध्ये हे एसएलआर कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये आणलं, ऑलिंपसने २०१२ मध्ये पाच अक्षांवर सेन्सर तोलणारी बॉडी काढली, सोनीने २०१४ मध्ये तेच फुल फ्रेममध्ये, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात, बसवलं. पाच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) आधार मिळाला तर १/६० ऐवजी अर्धा सेकंद हातात धरता येतो. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात, त्या चैत्याच्या अंधारात, मला याचा फार उपयोग झाला आहे. दगडी खांब तुमच्यासाठी हवा तितका वेळ थांबतात.

लेझीम खेळणारी मुलगी थांबत नाही. कॅमेरा फक्त स्वतःची हालचाल मोजतो. खाली रस्त्यावर कोणाचा हात कुठे चाललाय, हे जायरोला कळत नाही. उलट स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर आपण शटर आणखी संथ करतो, आणि माणसं आणखी पुसट होतात. त्यांच्यासाठी शटर वेगवान करावं लागतं. माझ्या अनुभवात उभ्या गप्पा मारणाऱ्यांना १/६० पुरतं, चालणाऱ्यांना १/२५०, लेझीमला १/५००, आणि थर कोसळताना गोविंदा टिपायचा तर १/१०००.

मग त्याच्या लेझीमच्या फोटोचे आकडे पाहिले: शटर १/३०, अपर्चर एफ ५.६ (आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १६००. ५५ मिलिमीटरवर त्याची किट लेन्स याहून जास्त उघडतच नाही. तिच्या जागी ५० मिलिमीटर एफ १.८ लावली तर जवळपास दहापट प्रकाश येतो, म्हणजे शटर १/३०० च्या आसपास जातं. आयएसओ ३२०० केला की १/६००. लेझीम थांबली! याउलट फुल फ्रेम बॉडीचा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या सेन्सरच्या २.३ पटींच्या आसपास असतो, म्हणजे फायदा एका स्टॉपहून जरासा जास्त. आणि त्या एका स्टॉपची किंमत या लेन्सच्या कितीतरी पट.

लेन्सची खोटही त्याला सांगितली. एफ १.८ वर एकच मुलगी फोकसमध्ये येईल, तिच्या मागची रांग मऊ होईल. झूम नाही, त्यामुळे जागा आधी हेरावी लागेल. ज्याला पूर्ण पथक लख्ख हवं त्याला अपर्चर बंद करून आयएसओ चढवावाच लागतो, आणि अशाच फोटोंवर कोणी महिनोन्‌महिने अडत असेल तर मोठा सेन्सर घेणं मला पटतं.

तोवर एक फुकटचा बदल आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओला शटरची किमान मर्यादा घालून देता येते. ती १/५०० वर ठेवली की कॅमेरा आधी आयएसओ वाढवतो, शटर संथ करत नाही. दाणेदार फोटो मला चालतो, दाणे नंतर कमी करता येतात. पुसलेला चेहरा परत आणता येत नाही.

एक मात्र मी आग्रहाने सांगतो: माणसांचं हलणं पूर्ण पुसून टाकू नका. ढोलवाल्याला १/१००० वर धरलं की टिपरू हवेत लटकतं आणि ढोल मुका वाटतो. मला तो १/१२५ वर आवडतो. चेहरा स्थिर, टिपरू किंचित पसरलेलं. हात हलल्याची रेघ मात्र अशी क्वचितच कामाला येते.

मुलगा म्हणाला, "मग बॉडी नको?" मी म्हटलं, "आत्ताच ठरवू नकोस." पितृपक्ष संपला की नवरात्र आहे. पन्नासची लेन्स एका रात्रीसाठी भाड्याने आण. गरब्याला पहिला तासभर किट लेन्स, मग ती, किमान शटर दोन्हींना १/५००. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन ये, आणि फोटो दाखवण्याआधी प्रत्येकात काय हललंय ते तूच मला सांग.