सेंट नंतर मोजा, आधी कट बघा

बेळगावात शहापूरच्या सराफ गल्लीत असो की खडेबाजारात, हिऱ्याची अंगठी हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती सेंटचा?" १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजेच १०० सेंट. (सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, तो वेगळा.) पण सारख्या वजनाचे दोन हिरे शेजारी ठेवले तर एक लखलखतो, दुसरा मलूल दिसतो. हा फरक कटचा.

हिऱ्याच्या तळाकडच्या पैलूंचा कोन ४०.७५ अंशांच्या आसपास असला, तर वरून शिरलेला उजेड आतल्या आत दोनदा उलटून पुन्हा वरूनच बाहेर येतो. तळ फार खोल ठेवला की मधोमध काळपट ठिपका दिसतो. फार उथळ ठेवला की आत माशाच्या डोळ्यासारखं करडं कडं उमटतं. असं कापण्यामागे बहुतेक वेळा वजन वाचवण्याचा हिशोब असतो. म्हणून व्यास मोजायला सांगा. १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर भरतो. ६.१ भरला, तर उरलेलं वजन खोलीत किंवा जाड गर्डलमध्ये, म्हणजे हिऱ्याच्या कंबरेत, दडलेलं आहे. त्याचे पैसे तुम्ही मोजता, बोटावर मात्र हिरा लहानच दिसतो.

रंगाची श्रेणी 'डी' म्हणजे रंगहीन इथून 'झेड'पर्यंत जाते. पिवळी झाक बहुधा नायट्रोजनमुळे येते. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली ती कळत नाही. पांढरा कागद मधोमध दुमडा, घडीत सुटा हिरा पालथा ठेवा आणि बाजूने बघा. बेळगावात पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी उत्तरेच्या खिडकीशी मिळणारा सौम्य उजेड या कामाला उत्तम. खडा पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर 'आय' किंवा 'जे' पुरतो; तिथं 'डी'साठी जादा पैसे घालू नयेत.

हिऱ्याची शुद्धता, म्हणजे त्यात दोष किती कमी आहेत, हे दहापट भिंगातून ठरतं. 'व्हीएस' म्हणजे फार किरकोळ दोषांच्या श्रेणीतले दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, 'एसआय' म्हणजे किरकोळ दोषांच्या श्रेणीतल्या चांगल्या हिऱ्यांमधलेही सहसा नाहीत. दोषांच्या संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. गर्डलला भिडलेली पिसासारखी चीर असेल, तर प्रॉंग, म्हणजे खडा धरून ठेवणारी धातूची नखं, दाबताना तिथूनच कपची उडू शकते.

प्रमाणपत्राचा क्रमांक बऱ्याच हिऱ्यांच्या गर्डलवर लेझरने कोरलेला असतो. तो भिंगातून जुळवून घ्या, आणि हे खडा बसवण्याआधीच करा; नंतर तो प्रॉंगखाली जाऊ शकतो.