डाग परत का येतो? कोकणातलं कार्पेट आणि रोटरी मशीन

गणपतीपुळे, मालवण, अलिबाग, कुठल्याही हॉटेलवाल्याला नाहीतर हॉल चालवणाऱ्याला विचारा, गौरी-गणपतीच्या आधी कार्पेट साफ करून घेतलं आणि आठ दिवसांत डाग जिथल्या तिथे परत आला ही तक्रार सगळीकडे ऐकायला मिळते. मग मशीनला नावं ठेवायची नाहीतर शाम्पूला. पण बऱ्याचदा प्रश्न असतो तो पाणी किती घातलं आणि ते सुकायला किती वेळ लागला याचा.

होतं काय, भरपूर पाणी ओतून घासलं की वरचा मळ पाण्याबरोबर खाली बॅकिंगपर्यंत, म्हणजे धागे ज्यात बसवलेले असतात त्या तळाच्या थरापर्यंत, उतरतो आणि कार्पेट स्वच्छ दिसतं. मग वरची ओल उडायला लागली की खालचं पाणी धाग्यांच्या बारीक फटींतून वर चढतं, शाळेत शिकलेलं केशाकर्षण ते हेच, आणि येताना मळ घेऊन येतं. पाणी हवेत जातं, मळ धाग्याच्या टोकाला राहतो. सुकायला जितका वेळ जास्त तितका मळ वर यायला वाव जास्त, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास म्हटल्यावर सुकणार कधी! एक-दोन दिवस ओल राहिली तरी कुबट वास धरतो, बुरशी यायला सुरुवात होते.

त्यात खारं वारं. साधं मीठ आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ना, तसंच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं, ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. म्हणून किनाऱ्यालगतचं कार्पेट हाताला कायम दमट लागतं आणि दमट धाग्याला धूळ चिकटते.

म्हणूनच मला वाटतं आपल्याकडे आखूड धाग्याच्या कार्पेटला कमी पाण्यात चालणारं रोटरी मशीन सगळ्यात बरं. खाली साधारण 17 इंची चकती, मिनिटाला 150 ते 175 फेरे. 175 फेऱ्यांना कडेचा वेग सेकंदाला जवळपास 4 मीटर होतो आणि मध्यभागी शून्य, त्यामुळे चकतीखालचा प्रत्येक भाग सारखा घासला जात नाही, पट्टे एकमेकांवर अर्धे चढवत जावं लागतं.

मशीन चालवणारा माणूस नीट बघा, तो ढकलत नाही. चकती सपाट असली की चारी बाजूंचं घर्षण एकमेकांना कापतं आणि मशीन जागेवर फिरत राहतं. हँडल थोडं खाली दाबलं की भार चकतीच्या मागच्या कडेवर येतो, चकती घड्याळाच्या उलट फिरत असेल तर ती कड उजवीकडे धावत असते, कार्पेट तिला उलट रेटतं आणि आख्खं मशीन डावीकडे सरकतं. हँडल उचललं की उजवीकडे. चाळीस-पन्नास किलोचं धूड बोटभर हालचालीवर चालतं. नवखा माणूस जोर लावतो आणि मशीन त्यालाच ओढून नेतं.

चकतीखाली सुती किंवा मायक्रोफायबरचं बॉनेट पॅड लावतात, कार्पेटवर द्रावण फक्त फवारतात. पॅड मळ उचलतं, एक बाजू काळी झाली की उलटायचं, मग बदलायचं, त्यात कंजुषी केली तर तोच मळ पुढे पसरतो. दुसऱ्या प्रकारच्या द्रावणात पॉलिमर असतं, ते मळाच्या कणांना वेढून सुकल्यावर ठिसूळ होतं आणि व्हॅक्युममध्ये निघून जातं. साध्या साबणाचा अंश चिकट राहतो आणि पुढची धूळ धरून ठेवतो, तो त्रास यात नाही.

पण हे सगळं पाव इंचाच्या आतल्या, घट्ट विणीच्या कार्पेटलाच. लांब कापलेल्या धाग्यांचे पीळ चकती उलगडते, गोल गोल खुणा उमटतात आणि त्या जात नाहीत.

आणि मशीन लावायच्या आधी व्हॅक्युम, तोही सावकाश, उलटसुलट. वाळूतला क्वार्ट्झ नायलॉनपेक्षा कितीतरी कठीण, तसाच फिरवला तर धागा कापतो. जांभ्याच्या लाल मातीला रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, ते साबणात विरघळत नाही, म्हणून ती माती कोरडी असतानाच काढायची, ओली झाली की धाग्यात जाऊन बसते.

वेळ म्हणाल तर एकदा मृगाच्या आधी आणि एकदा ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर. गणपतीच्या आधी करायचंच असेल तर फवारा अगदी हलका ठेवा, पंखे लावा, एसी असेल तर चालू ठेवा, कारण बाहेर पाऊस असताना खिडकी उघडली तर ओल आतच येते. बॅकिंग ज्यूटचं असेल तर आणखी जपून, भिजलं की आक्रसतं आणि तपकिरी डाग वर येतात. काथ्याच्या चटयांना हे मशीन लावूच नका, त्या उन्हात झटकल्या की पुरे.