पर्मनंट मेकअपमधील वेदना

भुवया, पापण्यांची कड किंवा ओठ यांच्या त्वचेत सुईने रंग भरणे म्हणजे सौंदर्य-गोंदण. पार्लरच्या भाषेत पर्मनंट मेकअप. बाह्यत्वचेतच राहिलेला रंग काही आठवड्यांत झडतो, म्हणून सुई तिच्याखालच्या थरापर्यंत न्यावी लागते. तिथे मज्जातंतूंची टोके असतात. त्यामुळे ‘अजिबात दुखत नाही’ ही जाहिरात खरी मानू नये.

किती दुखेल हे जागेवर ठरते. भुवयांच्या मायक्रोब्लेडिंगमध्ये, म्हणजे बारीक सुयांच्या पात्याने केसांसारख्या रेघा काढताना, नखाने ओरखडल्यासारखी चरचर होते. कित्येकींना दुखण्यापेक्षा कानाशी येणारी खरखर जास्त नकोशी वाटते. ओठ फारच संवेदनशील. ते सुजतात, आणि पूर्वी हर्पिसचे फोड येऊन गेले असतील तर पुन्हा उठू शकतात. अशांना डॉक्टर आधीच विषाणूरोधक गोळ्या देतात. पापण्यांवर काम चालू असताना डोळ्यांतून पाणी येते, पापणी फडफडते आणि दुसऱ्या दिवशी सूज दिसते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर स्तनमंडल (स्तनाग्राभोवतीचे गडद वर्तुळ) रंगवून घेणाऱ्यांना मात्र पुष्कळदा फारसे काही जाणवत नाही, कारण तिथल्या नसा आधीच कापल्या गेलेल्या असतात.

आपल्याकडचे पारंपरिक गोंदण कोणत्याही मलमाशिवाय होत आले. आता बधिरतेचे मलम लावतात. लिडोकेन व प्रिलोकेन ही बधिर करणारी औषधे प्रत्येकी २.५ टक्के असलेले मलम नेहमीचे. ते मुरायला साधारण तासभर लागतो. घाईत लवकर पुसले तर उपयोग कमी, आणि काम लांबले की असर उतरतो. मग त्यावर आणखी कडक मलम लावायचा मोह होतो, आणि खरा धोका इथेच आहे. सोललेल्या त्वचेतून औषध अधिक प्रमाणात रक्तात जाते. मात्रा वाढल्यास हृदयाचे ठोके अनियमित होणे, झटके येणे, श्वासाला त्रास होणे असे प्रकार घडू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये, ४ टक्क्यांहून अधिक लिडोकेन असलेली, चिठ्ठीविना विकली जाणारी अशी उत्पादने टाळण्याचा इशारा दिला. थोडी चरचर सोसणे त्यापेक्षा बरे.

नंतर एक-दोन दिवस हुळहुळते, मग त्वचा ताणते, खाज येते, खपल्या धरतात. त्या नखाने काढू नयेत. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, पू किंवा ताप आला, तर पार्लरला फोन न करता डॉक्टर गाठावा. लोहाचे ऑक्साइड असलेल्या रंगामुळे पुढे कधी एमआरआय करताना त्या जागी क्वचित चटका किंवा ओढ जाणवते, म्हणून तंत्रज्ञाला आधी कल्पना द्यावी.