खपली कांडावी का लागते? गवतकुळातल्या जनुकांचं नियंत्रण

अथणीचा शाळू, निपाणी-चिकोडीचा ऊस, खानापूरचं भात, गोकाककडचा मका आणि हुग्गीसाठी लागणारी खपली (गव्हाचा जुना, तूसवाला प्रकार), ही सगळी गवतं एकाच कुळातली. पण जनुकसंचाचा, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनए-मजकुराचा, आकार पाहिला तर भावंडं वाटू नयेत. भाताचा सुमारे 40 कोटी अक्षरांचा, जोंधळ्याचा 73 कोटींचा आणि चपातीच्या गव्हाचा सुमारे 1,600 कोटींचा. अक्षरं चाळीस पट, जनुकं मात्र नाहीत. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या गव्हाच्या आराखड्यात खात्रीची 1,07,891 जनुकं आहेत, तीही तीन पूर्वज गवतांकडून आलेल्या ए, बी आणि डी या तीन संचांत मिळून. संचामागे पस्तीस-छत्तीस हजार, म्हणजे भाताच्या आसपासच. मग वेगळेपण येतं कुठून? बरंचसं येतं ते कोणतं जनुक कधी, कुठे आणि किती चालावं, हे ठरवणाऱ्या छोट्या-छोट्या तुकड्यांतून.

खपलीचंच बघा. मळणीत ओंबी तुटते, पण दाणा तुसातच राहतो. कांडल्याशिवाय किंवा गिरणीतून सडून आणल्याशिवाय सुटत नाही. बन्सी आणि लोकवन हे गहू मळतानाच मोकळे होतात. या फरकामागे मुख्यतः 5ए गुणसूत्रावरचं क्यू नावाचं जनुक आहे. त्याचं प्रथिन ओंबीची घडण ठरवणाऱ्या इतर जनुकांवर हुकमत चालवतं. क्यूचा आरएनए (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनतं) तयार झाला की मायक्रोआरएनए 172 नावाचा जेमतेम 21 अक्षरांचा तुकडा त्याला चिकटतो आणि त्याचं काम थांबवतो. खपलीत ही पकड घट्ट बसते. बन्सी-लोकवनमध्ये चिकटण्याच्या जागेतलं एकच अक्षर बदललंय, त्यामुळे पकड सैल होते आणि क्यूचं प्रथिन जास्त बनतं. त्या अक्षराने प्रथिनातलं एकही अमिनो आम्ल बदलत नाही. नुसती प्रथिनं शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याच्या नजरेतून हा बदल सहज निसटतो. अर्थात एकट्या क्यूने भागत नाही. तूस चिवट ठेवणारं टीजी हे दुसरं स्थानही सोबतीला लागतं.

खरी गंमत पुढे आहे. याच मायक्रोआरएनएच्या जागेत बार्लीच्या एका नातेवाईक जनुकात बदल झाला, तर फूल उघडतच नाही. मक्यात क्यूच्या भावंडात तसाच बदल झाला, तर तुऱ्यात दाणे भरू लागतात. कळ एकच, परिणाम मात्र ज्या त्या पिकाच्या घडणीप्रमाणे.

व्हर्न-1 या दुसऱ्या जनुकाचा प्रकार वेगळा. युरोपातल्या हिवाळी गव्हात हे जनुक कित्येक आठवडे कडाक्याची थंडी सोसल्याशिवाय पुरेसं जागं होत नाही, आणि ते जागं झाल्याशिवाय ओंबी वेळेवर येत नाही. बेळगावात तशी थंडी कुठली? आपल्या रब्बीत चालतात त्या थंडीची वाट न पाहणाऱ्या जाती. अशा जातींत या जनुकाच्या प्रमोटरमध्ये (जनुकाच्या आधीचा, ते चालू करणारा भाग) फेरफार तरी असतो, नाहीतर पहिल्या इंट्रॉनमधला (जनुकातला, प्रथिनात न उतरणारा भाग) मोठा तुकडा गळालेला असतो. बार्लीतही पहिल्या इंट्रॉनमधले असेच गळालेले तुकडे सापडले.

जनुकांवर नियंत्रण ठेवणारे असे भाग शोधताना पहिला प्रश्न असतो, तुलना कुणाशी करायची? ए आणि बी संच एकमेकांच्या इतके जवळ आहेत की अजून बदलायला वेळच न मिळालेला मजकूरही सारखा दिसतो. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसशी तुलना केली तर प्रमोटरमध्ये जवळजवळ काहीच जुळत नाही. सुमारे पाच कोटी वर्षांचं अंतर, म्हणजे भात आणि जोंधळा यांच्यातलं, कामाचं ठरतं. एवढ्या काळातही टिकून राहिलेले काही अक्षरांचे तुकडे बहुधा उपयोगाचे असतात. सुरुवातीला जनुकाच्या आधीची दीड-दोन हजार अक्षरं घेतात आणि त्यातला पुनरावृत्त मजकूर झाकतात. गव्हाचा 85 टक्क्यांहून जास्त जनुकसंच असाच आहे. तो न झाकल्यास खोट्या जुळण्यांचा ढीग लागतो. तरी दोन हजारांची खिडकी अपुरीच. मक्याला फुटवे कमी येण्यामागे टीबी-1 जनुकापासून सुमारे 60,000 अक्षरं दूर घुसलेला एक उडता, म्हणजे जागा बदलणारा, तुकडा आहे. त्याने जनुकाचं काम साधारण दुप्पट होतं. म्हणून क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) कुठे उघडं आहे, याची मोजणी सोबत हवीच.

कोणतं जनुक किती चालतंय, हे त्याच्या आरएनएवरून कळतं. पण आरएनए मोजताना हमखास दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला नमुन्यात. पेरणीपासूनचे दिवस सारखे धरून खपली आणि लोकवनची तुलना केली, तर वाढीची अवस्था जुळत नाही आणि अवस्थेचाच फरक जातीचा वाटतो. ओंबीची अवस्था आणि दिवसाची वेळ दोन्ही सारखी हवी, निदान तीन वेगवेगळी रोपं हवीत, आणि तोडलेला भाग लगेच उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जायला हवा. दुसरा घोळ संगणकावर. ए, बी, डी या प्रती सुमारे 97 टक्के सारख्या, आणि यंत्राने एका वेळी वाचलेला तुकडा 150 अक्षरांचा. म्हणजे सरासरी चार-पाच फरक, काही तुकड्यांत एकही नाही. असे तुकडे चुकीच्या प्रतीच्या खात्यावर पडले की चालू प्रत बंद दिसते. यावर चांगला उपाय म्हणजे एखादी गुणसूत्र-जोडी मुद्दाम नसलेली गव्हाची रोपं. नसलेल्या गुणसूत्राच्या नावावर किती तुकडे जमा झाले, ते पाहिलं की चुकीचं प्रमाण लगेच कळतं. ही काळजी घेऊन 2018 मध्ये केलेल्या मोजणीत सुमारे 70 टक्के त्रिकुटांत (एकाच जनुकाच्या ए, बी, डी प्रती) तिन्ही प्रती जवळपास सारख्या चालताना आढळल्या. उरलेल्या 30 टक्क्यांत एखादी प्रत पुढे किंवा मागे होती.

सापडलेला तुकडा खरंच कामाचा आहे का, हे शेवटी तो कापूनच ठरतं. लोकवनमध्ये एका प्रतीजवळचा तुकडा क्रिस्परने (डीएनए ठरावीक जागी कापण्याचं तंत्र) कापला, तर बऱ्याचदा बाकीच्या दोन प्रती उणीव भरून काढतात आणि शेतात फारसा फरक दिसत नाही. अशा वेळी तिन्ही कापल्यावरच निकाल लागतो. खपलीत 28 गुणसूत्रं आणि ए-बी हे दोनच संच असल्याने तेच काम दोन प्रतींत आटोपतं.