जगण्याचं प्रमाण वाढलं, मृत्युदर मात्र तिथेच: असं कसं?

२००७ साली न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रयत्न करत होते. रेडिओवरच्या एका जाहिरातीत त्यांनी स्वतःच्याच आजाराचा दाखला दिला. त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता आणि ते त्यातून बरे झाले होते. हा आजार झाल्यावर वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के, इंग्लंडमध्ये मात्र जेमतेम ४४ टक्के, असं त्यांनी सांगितलं. सरकारी आरोग्यसेवेच्या नादी लागलात तर हे असं होईल, असा त्याचा रोख.

यातला ४४ हा आकडा मुळातच चुकीच्या हिशेबातून आला होता. नव्याने सापडलेले रुग्ण आणि त्या आजाराचे मृत्यू यांचा परस्पर भागाकार करून तो काढला होता. पण तो सोडून देऊ. त्या सुमाराचे खरे आकडे घेतले तरी दोन देशांत मोठी तफावत दिसतेच. निदानानंतर पाच वर्षांनी हयात असणारे रुग्ण अमेरिकेत ९८ टक्के, ब्रिटनमध्ये ७१ टक्के. मग दर एक लाख पुरुषांमागे वर्षाला या कर्करोगाने किती जण दगावत होते? अमेरिकेत २६, ब्रिटनमध्ये २७.

एकीकडे २७ टक्क्यांचा फरक, दुसरीकडे लाखात एका माणसाचा. आजार तोच, काळ तोच, देशही तेच, आणि दोन्ही आकडे खरे.

गोंधळ होतो तो बहुतेक वेळा एका सवयीमुळे. ‘जगण्याचं प्रमाण’ आणि ‘मृत्युदर’ हे शब्द आपण एकाच नाण्याच्या दोन बाजू असल्यासारखे वाचतो. ९८ टक्के जगतात म्हणजे २ टक्के मरतात, तेव्हा पहिला आकडा वाढला की दुसरा आपोआप घटणार, असं मनातल्या मनात ठरून जातं. पण हे शंभरातून वजा करायचे आकडे नाहीतच. शाळेत अपूर्णांक शिकताना अंश आणि छेद शिकलो होतो ना, त्यातला छेद या दोन्हींत वेगळा आहे.

पाच वर्षे जगण्याच्या प्रमाणात छेदाला असतात फक्त निदान झालेले लोक. त्यांतले जे पाच वर्षांनंतर हयात आहेत ते अंशाला. घड्याळ सुरू होतं निदानाच्या दिवशी. मृत्युदरात छेदाला असते सगळी लोकसंख्या: आजार असलेले, नसलेले, असूनही पत्ता नसलेले, सगळे. अंशाला त्या वर्षी त्या आजाराने गेलेले लोक. आजार कधी सापडला, कुणाला सापडला, याच्याशी या हिशेबाला काही देणंघेणं नाही. पहिल्या आकड्यात मात्र सगळा खेळ त्या ‘सापडण्या’वरच चालतो.

समजा, एका माणसाला ६७व्या वर्षी त्रास सुरू झाला, तपासणीत कर्करोग निघाला आणि ७०व्या वर्षी तो गेला. निदानानंतर तीन वर्षं. पाच वर्षांच्या हिशेबात तो ‘न जगलेला’. आता तोच माणूस, तोच कर्करोग, पण एखाद्या नियमित तपासणीत तो ६०व्या वर्षीच पकडला गेला. उपचारांचा काही उपयोग झाला नाही आणि तो ७०व्या वर्षीच गेला. आता निदानानंतर दहा वर्षं! पाच वर्षांच्या हिशेबात तो ‘जगलेला’. अशा शंभर माणसांचा गट घेतला तर जगण्याचं प्रमाण शून्यावरून थेट शंभर टक्क्यांवर जाईल, आणि एकाच्याही आयुष्यात एक दिवस वाढलेला नसेल. शर्यत तीच, शेवटची रेषा तीच, घड्याळ तेवढं आधी चालू केलं. मिळाली ती सात वर्षं जादा, पण रुग्ण म्हणून जगण्याची.

याहून मोठी गफलत दुसरी आहे, आणि ती माणसाच्या मनाला पटायला जड जाते. सगळेच कर्करोग जिवावर उठत नाहीत. काही इतके संथ असतात की माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातो आणि तो कर्करोग त्याच्याबरोबर मुकाट्याने जातो. असे रुग्ण शोधून छेदात घातले तर काय होतं ते पाहू. जीवघेणा आजार असलेले १,००० रुग्ण आहेत, त्यांतले ४०० पाच वर्षांनी हयात आहेत. प्रमाण ४० टक्के. मग एक बारकाईने पाहणारी तपासणी आली आणि तिने आणखी ३,००० निरुपद्रवी गाठी शोधल्या. ही ३,००० माणसं तर जगणारच होती. आता ४,००० पैकी ३,४०० हयात, म्हणजे ८५ टक्के. प्रमाण दुपटीहून वर गेलं. आधीही ६०० मेले होते, आताही ६००च.

हे कागदावरचं गणित दक्षिण कोरियात प्रत्यक्ष घडलं. तिथे १९९९ साली कर्करोगाच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडचा कर्करोग त्यात नव्हता, पण इतर तपासण्यांसाठी आलेल्या माणसाला थोडे जास्तीचे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफीही करून घेता येई. आलोच आहोत तर हेही करून टाकू, असं कुणाला वाटणार नाही? २०११ साली थायरॉइड कर्करोगाच्या निदानांचं प्रमाण १९९३च्या तुलनेत १५ पट झालं होतं. त्या एका वर्षात ४०,००० हून अधिक लोकांना हे निदान मिळालं. या आजाराने वर्षाला होणारे मृत्यू मात्र तीनशे-चारशेच्या घरात होते, तिथेच राहिले.

खरी साथ असती तर काही वर्षांनी मृत्यूही चढले असते. तपासणीने जीव वाचत असते तर ते उतरले असते. दोन्ही झालं नाही. जगण्याचं प्रमाण मात्र असं झळकलं की कोरियाच्या अधिकृत आकडेवारीत ते शंभर टक्क्यांच्याही किंचित वर गेलं. शंभराच्या वर कसं जाईल, असं वाटणं साहजिक आहे. हे ‘सापेक्ष’ प्रमाण असतं, म्हणजे त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांशी तुलना केलेलं. थायरॉइडचा कर्करोग झालेले लोक न झालेल्यांपेक्षा थोडे जास्तच जगत होते! कर्करोग आयुष्य वाढवतो असा याचा अर्थ कुणी काढणार नाही. पण आकडा इथपर्यंत पोचला की छेदात कुठली माणसं भरली आहेत, याचा संशय यायलाच हवा.

या संशयाचा पुरावा खरं तर आधीच हाताशी होता. १९८५ साली फिनलंडमध्ये इतर कारणांनी मृत्यू आलेल्या १०१ जणांच्या थायरॉइड ग्रंथींचे अडीच मिलिमीटरचे पातळ काप करून तपासले गेले. ३६ टक्के ग्रंथींत बारीक कर्करोग सापडले. त्यांतले बहुतेक इतके लहान होते की काप याहून पातळ केले असते तर आणखी निघाले असते. तेव्हा गळ्यावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं की ‘रुग्ण’ निघणारच. प्रश्न फक्त किती बारकाईने शोधता एवढाच.

हे सगळं आकड्यांपुरतं असतं तर गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. पण निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येकाची शस्त्रक्रिया झाली, आणि बऱ्याच जणांची पूर्ण ग्रंथीच काढली गेली. त्यांना जन्मभर रोज हार्मोनची गोळी आली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांच्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं (थायरॉइडला लागून असलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींचं) काम बिघडलं, सुमारे २ टक्क्यांच्या स्वरयंत्राला अर्धांगासारखी इजा झाली. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी या सोनोग्राफीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, वर्तमानपत्रांनी तो विषय उचलला आणि वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या.

जपानची गोष्ट याच जातीची, पण लहान बाळांची. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांत होणाऱ्या, चेतापेशींच्या कर्करोगासाठी तिथे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सहा महिन्यांच्या बाळांची लघवी देशभर तपासत. रुग्ण पुष्कळ सापडले आणि ती बाळं छान जगलीही. मात्र या वयातल्या अशा बऱ्याच गाठी आपोआप विरघळतात, आणि पुढे मोठ्या मुलांना होणारा घातक प्रकार या तपासणीत फारसा सापडतच नव्हता. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात आणि जर्मनीत झालेल्या मोठ्या अभ्यासांनी २००२ साली दाखवलं की तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. २००४ मध्ये जपानने कार्यक्रम थांबवला. एवढा मोठा कार्यक्रम मागे घ्यायला जे धैर्य लागतं ते फार कमी देशांनी दाखवलं आहे, असं माझं मत.

डॉक्टरांना तरी हा फरक ठाऊक असेल, असं आपण धरून चालतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या ४१२ डॉक्टरांना विचारलं होतं की तपासणीने जीव वाचतात हे कशावरून सिद्ध होतं. पाच वर्षे जगण्याचं प्रमाण वाढलं म्हणजे ते सिद्ध झालं, असं सुमारे तीन चतुर्थांश डॉक्टरांनी सांगितलं. जवळपास निम्म्यांना तर जास्त रुग्ण सापडणं हाच पुरेसा पुरावा वाटला.

म्हणजे जगण्याचं प्रमाण हा आकडाच टाकाऊ का? अजिबात नाही. ज्याला कालच निदान मिळालंय त्याच्यासाठी कामाचा आकडा हाच. लाख लोकांमागे वर्षाला किती मरतात हे त्याला सांगून काय उपयोग? दोन औषधांची तुलना करतानाही हाच आकडा चालतो, कारण तिथे दोन्ही गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले असतात आणि दोघांचं घड्याळ एकाच टप्प्यावर सुरू होतं. मुलांमधला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा मुलांत सर्वाधिक आढळणारा प्रकार घ्या. १९६०च्या दशकात पाच वर्षे जगणारी मुलं दहातही एक नसायची, आता चांगल्या उपचारकेंद्रांत दहातली नऊ जगतात. तो आजार काही संथ नाही, लपून राहत नाही, लवकर शोधण्याची मोहीमही कुणी काढलेली नाही. छेद बदलला नाही. त्यामुळे वाढलेलं प्रमाण म्हणजे खरोखर वाचलेली मुलं, आणि त्या आजाराचा मृत्युदरही सोबत उतरलेला दिसतो.

मृत्युदरही काही धुतल्या तांदळासारखा नाही. म्हाताऱ्यांचा देश आणि तरुणांचा देश तसेच शेजारी ठेवले तर तुलना फसते, त्यासाठी वयाची रचना सारखी करून घ्यावी लागते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलंय यावरही बरंच अवलंबून असतं. शिवाय मृत्युदर घटला म्हणजे उपचार सुधारले असंही नाही. जठराच्या कर्करोगाचे मृत्यू श्रीमंत देशांत विसाव्या शतकात झपाट्याने घटले, ते मुख्यतः आजारच कमी लोकांना होऊ लागला म्हणून.

छेदाचा हाच घोळ उलट्या दिशेनेही होतो. ३ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की नोंद झालेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे ३.४ टक्के दगावले आहेत. यात ‘नोंद झालेल्या’ हे शब्द महत्त्वाचे होते. सौम्य आजार असलेले पुष्कळ लोक कुणी तपासलेच नव्हते, म्हणून छेद आखडलेला होता आणि आजार होता त्याहून घातक दिसला. कोरियात छेद फुगला आणि आजार होता त्याहून मवाळ दिसला.

एक चकवा अजून राहिला. १९८५ साली अमेरिकी डॉक्टर अल्व्हन फाइनस्टीन आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे १९५३ ते १९६४ या काळातले आणि १९७७चे रुग्ण तपासले. प्रत्येक टप्प्यातले नवे रुग्ण जुन्यांपेक्षा जास्त जगत होते. कारण निघालं नव्या स्कॅनचं. पूर्वी ‘लवकरचा टप्पा’ म्हणून गणल्या गेलेल्या काहींच्या शरीरात पसरलेल्या बारीक गाठी आता दिसू लागल्या आणि ते ‘उशिराच्या टप्प्यात’ ढकलले गेले. लवकरच्या गटातले सर्वांत आजारी निघून गेले म्हणून त्याची सरासरी वाढली. उशिराच्या गटात ते त्यातल्या त्यात बरे होते म्हणून त्याचीही वाढली. वर्गातला ‘ढ’ पोरगा खालच्या तुकडीत जाऊन पहिला यावा, तसं.

फुप्फुसाच्याच कर्करोगावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७१ पासून ९,२०० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे दोन गट पाडले. एका गटाचा दर चार महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी होत असे. या गटात कर्करोग सापडलेल्यांचं पाच वर्षे जगण्याचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या दुपटीच्या आसपास निघालं. या पुरुषांचा पुढे १९९६ पर्यंत मागोवा घेतला, तेव्हा दर हजारी दरवर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणीच्या गटात ४.४ आणि दुसऱ्या गटात ३.९ होते. नंतर २००२ पासून अमेरिकेतच ५३,४५४ जणांवर चाचणी झाली, कमी मात्रेचा सीटी स्कॅन विरुद्ध साधा एक्स-रे. तिथे मुख्य मोजमाप म्हणून आधीपासूनच मृत्युदर ठरवला होता. २०११ साली निकाल आला: दर लाखामागे वर्षाला एक्स-रेच्या गटात ३०९ मृत्यू, सीटीच्या गटात २४७.