मठांच्या फौजा कशा उभ्या राहिल्या

इ.स. ४५१ मध्ये कॅल्सिडनच्या धर्मपरिषदेने पाद्री आणि मठवासी यांना सैन्यात जायला बंदी घातली. बौद्ध विनयानुसार, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांनुसार, जाणूनबुजून माणूस मारणारा भिक्खू त्याच क्षणी संघाबाहेर पडतो. हिंदू परंपरेत संन्यास घेणारा सर्व प्राणिमात्रांना अभय देतो. इतके स्पष्ट नियम असूनही युरोपात, जपानात, चीनमध्ये, उत्तर भारतात मठांनी शतकानुशतकं हत्यारबंद माणसं बाळगली. ह्याचा उलगडा बहुतेक जण धर्मग्रंथांत शोधतात. मला तो मठांच्या जमिनींत, यात्रेच्या रस्त्यांत आणि खजिन्यांत जास्त सापडतो.

गृहस्थाची मालमत्ता मुलांमध्ये वाटली जाते, दोन-तीन पिढ्यांत तिचे तुकडे होतात. मठाला वारस नसतो, परंपरा असते. दान येत राहतं, जमीन एकदा मिळाली की सहसा बाहेर जात नाही. राजसत्ता बळकट असेल तोवर ही संपत्ती सुरक्षित. ती ढासळली की मठाला स्वतःचे रक्षक ठेवावे लागतात. ह्या कामासाठी लागणारी बरीच तयारी मठात आधीच झालेली असते: पहाटे उठणं, गुरूची आज्ञा न विचारता पाळणं, थोडक्यात भागवणं आणि मागे बायकोमुलांची काळजी नसणं.

जपानमध्ये हे सगळं फार ठळकपणे दिसतं. क्योतोजवळच्या हिएई डोंगरावर साइचो ह्या भिक्षूने ७८८ मध्ये एक छोटं मंदिर बांधलं. त्यातून एन्र्याकू-जी हा तेंदाई पंथाचा अफाट पसारा वाढला. दरबारातल्या घराण्यांनी जमिनी दिल्या, त्यांवर करमाफी मिळाली, आणि त्या जमिनी राखण्यासाठी दहाव्या-अकराव्या शतकापासून डोंगरावर हत्यारं जमू लागली. ह्या योद्ध्यांना पुढे ‘सोहेई’ म्हटलं गेलं. चित्रांत ते डोक्याला पांढरं वस्त्र गुंडाळून, हातात लांब दांड्याचं नागिनाता घेऊन उभे दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यातले सगळे दीक्षित भिक्षू नव्हते. मठाचे सेवक, जमिनींवरचे कारभारी, भाड्याचे शिपाई असे पुष्कळ लोक त्यांत होते.

हे लोक परधर्मीयांशी क्वचितच लढले. एन्र्याकू-जीचं खरं वैर मीई-देराशी होतं, आणि ते मंदिरही तेंदाई पंथाचंच. भांडण मठाधिपतीच्या नेमणुकीचं आणि दीक्षा देण्याच्या अधिकाराचं. १०८१ मध्ये हिएईच्या लोकांनी मीई-देरा जाळलं, आणि तसं नंतरही पुन्हा पुन्हा घडलं. दरबारावर दबाव आणायची त्यांची पद्धत तर विलक्षण होती. देवाची पालखी खांद्यावर घेऊन ते राजधानीत उतरत आणि मागणी मान्य होईपर्यंत हटत नसत. पालखीवर बाण मारायचा कुणी? कामो नदीचं पाणी, सोंगट्यांचे फासे आणि डोंगरावरचे भिक्षू, एवढ्या तीनच गोष्टी आपल्या हुकमात नाहीत, असं सम्राट शिराकावा म्हणाल्याचं सांगतात.

ह्याचा शेवट १५७१ मध्ये झाला. आदल्या वर्षी जपान एका सत्तेखाली आणायला निघालेल्या ओदा नोबुनागा ह्या सरदाराच्या शत्रूंच्या फौजांना हिएईने आसरा दिला होता. नोबुनागाने डोंगराला वेढा घातला, मंदिरं जाळली आणि सापडतील त्या माणसांची कत्तल केली, बायकामुलंही त्यातून सुटली नाहीत. त्याच सुमारास ओसाकाच्या इशियामा होंगान-जी ह्या बौद्ध मठाशी त्याचं युद्ध चालू होतं. ह्या मठाचे अनुयायी वेगळ्या घडणीचे लोक होते. त्यांच्यात गावकरी, शेतकरी आणि लहान सरदार होते, त्यांच्या पुरोहितांना लग्नाची मुभा होती, आणि कागा प्रांत १४८८ पासून जवळजवळ शंभर वर्षं त्यांच्याच ताब्यात राहिला. होंगान-जी दहा वर्षं झुंजलं आणि १५८० मध्ये तहावर शरण आलं. पुढे नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने १५८५ मध्ये बंदुकांसाठी गाजलेलं नेगोरो-जी मोडलं, आणि १५८८ मध्ये गावकऱ्यांकडून व मंदिरांकडून शस्त्रं काढून घ्यायचा हुकूम काढला.

युरोपात आधीच्या काळात लढणारे बिशप होते. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत बायोचा बिशप ओदो गदा फिरवताना बायोच्या प्रसिद्ध पटावर दिसतो. पण तो लढला तो सरदार म्हणून, सरंजामाच्या जोरावर. संन्याशाची व्रतं आणि सैनिकाचा पेशा एकाच माणसात अधिकृतपणे आणले ते टेम्प्लरांनी. पहिलं धर्मयुद्ध संपून जेरुसलेम ख्रिस्ती सत्तेकडे आलं तरी किनाऱ्यावरून शहराकडे जाणाऱ्या वाटेवर यात्रेकरू लुटले जात होते. १११९ च्या सुमारास ह्यूग द पेयाँ आणि त्याच्या थोड्या साथीदारांनी ह्या वाटेच्या राखणीचं व्रत घेतलं. राजा दुसऱ्या बाल्डविनने त्यांना अल-अक्सा मशिदीच्या आवारात जागा दिली. ११२९ च्या त्र्वाच्या परिषदेत त्यांना नियमावली मिळाली. मांस आठवड्यातून तीनदाच, शिकार वर्ज्य, अपवाद फक्त सिंहाचा. क्लेर्वोचा मठाधिपती बर्नार्ड ह्याने त्यांच्या बाजूने जोरदार युक्तिवाद केला: दुष्टाला मारण्यात माणसाचा वध होत नाही, दुष्टपणाचा होतो. हा युक्तिवाद मला आजही अस्वस्थ करतो, कारण दुष्ट कोण हे ठरवणारा आणि तलवार धरणारा ह्यांच्यात त्याने काहीच अंतर ठेवलं नाही.

टेम्प्लर व्रतस्थ होते, पण त्यांतले बहुतेक पुरोहित नव्हते. स्वतःचे पुरोहित ठेवायची परवानगी त्यांना ११३९ च्या पोपच्या फर्मानाने मिळाली. त्याच फर्मानाने त्यांना स्थानिक बिशपांच्या अधिकारातून मोकळं करून थेट पोपच्या छत्राखाली आणलं. मग देणग्यांचा पूर आला, युरोपभर जमिनी झाल्या, एका देशात पैसे भरून दुसऱ्या देशात उचलायची सोय उभी राहिली, आणि फ्रान्सच्या राजाचा खजिना पॅरिसमधल्या त्यांच्या वास्तूत राहू लागला. रणांगणावर त्यांचा दरारा एवढा, की ११८७ मध्ये हत्तीनची लढाई जिंकल्यावर सलाहुद्दीनने पकडलेल्या टेम्प्लरांना आणि त्यांच्यासारख्याच दुसऱ्या लढाऊ संघातल्या हॉस्पिटलरांना वेगळं काढून ठार करवलं. मात्र १२९१ मध्ये अक्को हे किनाऱ्यावरचं ख्रिस्ती ठाणं पडलं आणि पवित्र भूमीतलं त्यांचं कामच संपलं. संपत्ती तेवढी उरली. कर्जात बुडालेल्या फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने १३ ऑक्टोबर १३०७ रोजी त्यांना पाखंडाच्या आरोपाखाली एकाच पहाटे पकडलं. १३१२ मध्ये पोपने संघ बरखास्त केला, आणि १३१४ मध्ये त्यांचा प्रमुख जाक द मोले पॅरिसमध्ये जिवंत जाळला गेला.

ट्यूटॉनिक संघ ह्या जर्मन योद्ध्यांच्या अशाच संघाने बाल्टिक किनाऱ्यावर थेट राज्यच थाटलं. १५२५ मध्ये त्यांचा प्रमुख आल्ब्रेख्त लूथरच्या मताला मिळाला आणि प्रशियाचा ड्यूक होऊन बसला. संन्याशांचं राज्य एका घराण्याची जहागीर झालं.

उत्तर भारतातल्या दशनामी, म्हणजे शैव, गोसाव्यांची आणि वैष्णव बैराग्यांची कथा ह्याहून कमी थरारक नाही. १५६७ मध्ये ठाणेसरला कुंडाकाठी संन्याशांच्या दोन गटांची सशस्त्र लढाई अकबराने स्वतः पाहिली. वाद यात्रेकरूंचं दान घ्यायला कुठे बसायचं ह्याचा होता. मोगल सत्ता खिळखिळी झाल्यावर अठराव्या शतकात गोसावी एकाच वेळी शिपाई, व्यापारी आणि सावकार झाले. यात्रेच्या वाटांनी त्यांचा माल आणि हुंड्या फिरत, मिर्झापूर-बनारसच्या पेठांत त्यांचा मोठा दबदबा होता, आणि गादी गुरूकडून चेल्याकडे जात असल्याने भांडवल फुटत नव्हतं.

ह्या जगातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे अनूपगिरी, ऊर्फ हिंमतबहादूर. त्याचा गुरू राजेंद्रगिरी अवधचा नवाब सफदरजंग ह्याच्या चाकरीत होता आणि १७५३ मध्ये दिल्लीत त्याच्याच बाजूने लढताना पडला. फौज अनूपगिरी आणि त्याचा भाऊ उमरावगिरी ह्यांच्याकडे आली. १७६१ मध्ये पानिपतावर हे गोसावी सफदरजंगाचा मुलगा शुजाउद्दौला ह्याच्याबरोबर, म्हणजे अब्दालीच्या छावणीत होते. १७६४ मध्ये बक्सरला ते इंग्रजांविरुद्ध लढले. नंतर अनूपगिरी महादजी शिंद्यांच्या राजकारणात वावरला, पुढे मराठा सरदार अलीबहादराबरोबर बुंदेलखंडात उतरला, आणि १८०३ मध्ये इंग्रजांना मिळाला. त्याला धर्मरक्षक ठरवणं जितकं चुकीचं, तितकंच त्याला फितूर म्हणणं. तो त्या शतकातल्या इतर सरदारांसारखाच सरदार होता.

ह्या सगळ्यात कोरियाचं उदाहरण मला वेगळं वाटतं. तिथल्या जोसन राजवटीने बौद्ध भिक्षूंना हीन लेखलं होतं, मठांच्या जमिनी काढून घेतल्या होत्या. १५९२ मध्ये हिदेयोशीचं जपानी सैन्य आलं तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या ह्युजोंगने राजाच्या हाकेला ओ देऊन भिक्षूंची फौज उभी केली. पुढच्या वर्षी प्योंगयांग परत घेण्यात त्यांचा वाटा होता. त्याचा शिष्य युजोंग युद्धानंतर जपानला वाटाघाटीसाठी गेला आणि १६०५ मध्ये हजारो कैद्यांना घेऊन परतला. राखायला संपत्ती नसताना लढलेले असे भिक्षू इतिहासात थोडेच.

शीख परंपरा ह्या चौकटीत बसत नाही. १६०६ मध्ये गुरू अर्जनदेवांच्या मृत्यूनंतर गुरू हरगोबिंदांनी मीरी आणि पीरीच्या, म्हणजे ऐहिक आणि आध्यात्मिक सत्तेच्या, दोन तलवारी धारण केल्या, १६९९ मध्ये खालसा स्थापन झाला, पण तो संसारी माणसांचा पंथ राहिला. संन्याशाने व्रत मोडून शस्त्र उचलण्याचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

भारतात मठांच्या फौजा मोडल्या त्या कंपनी सरकारच्या काळात. १७७० च्या दुष्काळानंतर बंगालमध्ये संन्यासी आणि फकिरांच्या टोळ्यांशी कंपनीच्या चकमकी वाढल्या, आणि १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने भटक्या संन्याशांना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. तोवर हरिद्वारच्या मेळ्यात कर वसूल करणं आणि बंदोबस्त राखणं ही कामं गोसाव्यांकडेच होती. १७९६ च्या कुंभात शीख घोडेस्वारांनी हल्ला करून त्यांचे सुमारे ५०० लोक मारले. पुढे हरिद्वार कंपनीच्या ताब्यात गेलं, कर सरकारकडे आला आणि बंदोबस्तही. आखाड्यांकडे स्नानाच्या मिरवणुकीतला मान उरला. कोणता आखाडा कधी घाटावर उतरणार ह्याची वेळ आजही प्रशासन बारकाईने आखून देतं.